जनरलचे चार डबे

रेल्वेच्या तिकिटावर जून २०१६ पासून एक ओळ छापून येते. प्रवासाला जो खर्च येतो त्यातला सरासरी ५७ टक्केच रेल्वे तुमच्याकडून वसूल करते, असा तिचा अर्थ. तिकीट खिशात टाकताना ती फार कुणी वाचत नाही, पण तिचा परिणाम व्हायचा तो झालाच आहे. शिकल्यासवरल्या, कमावत्या मंडळींच्या तोंडी एक मत आता पक्कं बसलं आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर मी ते ऐकतो आणि दर वेळी माझं डोकं तापतं. म्हणून आज ते सरळ मांडतो आणि मग त्याचा समाचार घेतो.

मत असं आहे. रेल्वे तोट्यात जाते ती जनरल आणि स्लीपरच्या प्रवाशांपायी. त्यांना जवळजवळ फुकट न्यायचं आणि भरपाई बाकीच्यांनी करायची. देश पुढे गेला, लोकांच्या हाती पैसा आला, आता ज्याला त्याला एसी हवा, तेव्हा साधे डबे कमी होणारच. जनरलला जी गर्दी दिसते ती बेशिस्त माणसांची आणि फुकट्यांची. वंदे भारत वाढवाव्यात, रेल्वे कंपनीसारखी चालवावी, जमलं तर कंपन्यांच्याच हाती द्यावी. आणि याला जो हरकत घेईल त्याला प्रगती बघवत नाही.

मी हरकत घेतो.

त्या ५७ टक्क्यांपासूनच सुरू करू. ‘सरासरी’ हा शब्द त्या ओळीत आहे आणि बोलताना लोक नेमका तोच गाळतात. मुंबईच्या लोकलपासून राजधानीच्या पहिल्या वर्गापर्यंत सगळ्यांना एकत्र धरून काढलेली ती सरासरी आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालात २०१६-१७ च्या प्रवासी वाहतुकीची वर्गवार फोड आली, तेव्हा एसी फर्स्ट आणि एसी टू टियर हे दोन्ही वर्ग तोट्यात निघाले. नफ्यात होते ते थ्री एसी आणि एसी चेअर कार. म्हणजे पडदे लावलेल्या कूपेतून जाणाऱ्या माणसालाही रेल्वे पदरमोड करूनच नेत होती. मग ‘फुकट्या’ हे नाव फक्त फलाटाच्या टोकाला उभ्या राहणाऱ्यालाच का चिकटलं?

शिवाय त्या खर्चात काय काय धरलेलं असतं? बहुतेक केंद्रीय खात्यांचं पेन्शन सरकारच्या तिजोरीतून जातं. रेल्वे मात्र आपल्या पंधरा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचा भार स्वतःच्या कमाईतून उचलते, आणि ती रक्कम वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर जाते. आयुष्यभर रूळ सांभाळणाऱ्या माणसाला पेन्शन मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते ओझं आजच्या प्रवाशाच्या प्रवासखर्चात मिसळायचं आणि वर त्याला तू अर्धंच भाडं भरतोस म्हणायचं, हा कुठला हिशेब?

मालगाडीची कमाई प्रवाशांवर खर्च होते, हे खरं आहे. ती तशीच व्हायला हवी, असं मी म्हणतो. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पातून रेल्वेला २ लाख ५२ हजार कोटी रुपयांचं भांडवल मिळालं. तो पैसा करांतून आला, आणि साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरताना जनरलच्या प्रवाशाला कुणी सूट देत नाही. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेखाली नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. त्या योजनेत ठरावीक जागांचं भाडं कमी ठेवायचं आणि तूट कंपनीला भरून द्यायची, असंच ठरलेलं आहे. योजना चांगली आहे, नांदेडच्या माणसाने विमानात बसावं. पण त्याच्या बोर्डिंग पासवर छापतात का, की बाबा रे, तुझ्या या जागेमागे देशाने एवढे रुपये घातले? नाही छापत. आणि छापूही नये. मग त्याच नांदेडहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या बाईच्या तिकिटावर ते का छापायचं?

आता मागणीचं बघू. लोकांना एसीच हवा, असं सांगतात आणि पुरावा म्हणून थ्री एसीचे वाढलेले प्रवासी दाखवतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे कसे बदलले ते ज्याने बघितलं आहे त्याला हा पुरावा पटणार नाही. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत स्विस तंत्रावर बनणारा जुना निळा डबा २०१८ मध्ये बंद झाला आणि जर्मन बांधणीचा एलएचबी डबा सगळीकडे आला. डबा उत्तम आहे. अपघातात एकमेकांवर चढत नाही, ब्रेक चांगले, पोलाद गंजत नाही. पण तो दोनेक मीटरने लांब आहे, म्हणून २४ डब्यांच्या गाडीच्या जागी २२ डब्यांची गाडी धावू लागली. जे दोन डबे गेले ते कुठले गेले? आणि त्याच फेरबदलात कितीतरी गाड्यांमध्ये स्लीपर काढून त्या जागी थ्री एसी आणि थ्री एसी इकॉनॉमी जोडले गेले. गाडीत अकरा-बारा स्लीपर असायचे तिथे सहा-सात उरले. ज्याला जायचंच आहे तो काय करणार? ज्याची ऐपत होती त्याने कर्ज-उसनवारी करून एसीचं तिकीट काढलं आणि तो ‘एसीची वाढती मागणी’ या रकान्यात मोजला गेला. ज्याची नव्हती तो जनरलमध्ये जाऊन चेंगरला आणि त्याची मोजदाद कुठल्याच रकान्यात झाली नाही. दुकानातली ज्वारी उचलून ठेवायची, समोर बासमती मांडायचा आणि मग गावाला बासमतीच आवडतो म्हणायचं, असं हे आहे.

यावर उत्तर येतं की देशातल्या एकूण डब्यांपैकी सत्तर टक्के डबे आजही बिनाएसीच आहेत, सरकारने संसदेत तसे आकडे दिले आहेत. दिले आहेत, आणि मी ते खोटे म्हणत नाही. पण त्याच सरकारच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये रेल्वेने ७१५ कोटी प्रवासी नेले, त्यातले साडेसहाशे कोटींच्या आसपास बिनाआरक्षणाचे होते. उपनगरी गाड्या त्यात आल्या, हे धरूनही प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखं आहे. दहातली नऊ माणसं या बाजूला उभी आहेत. त्यांच्यासाठी जागा किती, हा प्रश्न त्या सत्तर टक्क्यांनी सुटत नाही. आणि एक आकडा शेजारी ठेवून बघा. २०१८-१९ मध्ये एकूण प्रवासी ८४४ कोटी होते. लोकसंख्या वाढली, कामासाठी घर सोडणारे वाढले आणि रेल्वेचे प्रवासी शंभर कोटींहून अधिक घटले. ही माणसं सगळीच विमानात बसली का? की ती ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर, टेम्पोच्या हौद्यात आणि वडापच्या फळीवर गेली?

डब्याचंही साधं गणित आहे. एलएचबीच्या एका फर्स्ट एसी डब्यात २४ माणसं झोपतात. टू टियरमध्ये ५२, थ्री टियरमध्ये ७२, स्लीपरमध्ये ८०. जनरलमध्ये १०० जण बसतात, म्हणजे बसायला हवेत. रूळ तेवढाच, फलाट तेवढाच, इंजिन तेच, सिग्नल तोच. त्या साडेतेवीस मीटर लांबीत चोवीस जणांना न्यायचं की शंभर जणांना, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. निसर्गनियमाने ते ठरत नाही. वर्षाला कुठल्या कारखान्यात कुठले किती डबे बनायचे याचा कार्यक्रम रेल्वे बोर्ड आखतं. पेरांबूर, कपूरथळा आणि रायबरेली तो पार पाडतात. गाडीत कुठला डबा कितवा लागेल तेही कागदावर ठरलेलं असतं. तेव्हा साधे डबे ‘कमी होणारच’ असं पाऊस पडणारच या चालीवर बोलू नये. ते कमी केले जातात.

गेल्या दिवाळीच्या आधी एका मोठ्या स्टेशनवर मी माझ्या गाडीची वाट बघत होतो. फलाटाचं छप्पर जिथे संपतं तिथून पुढे माणसांआधी त्यांच्या सामानाची रांग लागली होती. गोणी, पिशवी, एक चप्पल, पुन्हा गोणी. चप्पल ठेवणारा माणूस पाणी भरायला गेला असेल तर त्याची जागा ती चप्पल धरून होती आणि कुणी तिला पायाने सरकवत नव्हतं. बरेच जण रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसलेले. वीस लिटरची, झाकणाची बादली. आत कपडे, डबा, थापी, ओळंबा. गाडीत जागा नाही मिळाली तर तीच बादली दाराजवळ बसायला. एक बाई तशाच बादलीवर बसली होती, मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर झोपलेलं. परभणीकडची, बांधकामावर काम करणारी. मी विचारलं, “ताई, लेकरू घेऊन जनरलने जाताय, रिझर्वेशन नाही का मिळालं?” ती म्हणाली, “काढायचं कवा, दादा? मुकादमानं सुट्टी परवा सांगितली. हिशेब काल झाला.”

तीन वाक्यांत तिने सगळं सांगितलं. लांबच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. साठ दिवसांनंतर आपण कुठे असू हे ज्याला ठाऊक असतं तो पगारी माणूस. रोजंदारीवरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्याचा निरोप रात्री येतो, बाप गेला, बहीण बाळंत झाली, कापणी सुरू झाली, परीक्षेचं केंद्र लागलं. जनरलचा डबा त्याच्यासाठी आहे. खिडकीवर जायचं, तिकीट काढायचं, गाडीत चढायचं. आधार क्रमांक जोडलेलं खातं नको, तत्काळच्या वेळेला धावपळ नको. देशात एवढी मोकळी सोय दुसरी उरलेली नाही, आणि तिलाच तुम्ही मागासलेपणाची खूण समजता?

मग गर्दी बेशिस्त कशी? जनरलचं तिकीट विकताना मोजणी नसते, ही गोष्ट किती जणांना माहीत आहे? स्लीपरच्या ८० बर्थचा हिशेब संगणक ठेवतो. जनरलच्या शंभर जागांसाठी तिकिटं हवी तेवढी निघतात. रेल्वे कायदा १९८९ चं कलम ५७ सांगतं की प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी न्यायचे ते रेल्वे प्रशासनाने ठरवावं आणि तो आकडा ठळकपणे लावावा. आकडा लावलेला असतो. पण खिडकीवर तिकीट देताना त्याकडे बघणारी कुठलीही यंत्रणा नाही. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर प्रयागराजला निघालेल्या गर्दीत चेंगरून १८ माणसं मेली, त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयात हेच कलम निघालं आणि क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकताच का, असा प्रश्न रेल्वेला विचारला गेला. त्याआधी २७ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसला गोरखपूरच्या अंत्योदय एक्स्प्रेसमध्ये चढताना चेंगराचेंगरी होऊन माणसं जखमी झाली होती. ही अख्खी गाडीच बिनाआरक्षणाची. आठवड्यातून एकदा सुटणारी. मुंबईत पूर्वांचलातली किती माणसं राबतात आणि दिवाळी-छठला त्यातली किती घरी जातात, हे काय कुणाला नवीन आहे? गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, जागा द्यायची नाही, आणि तो दाराला लोंबकळला की त्याला शिस्त शिकवायची. बेशिस्त कोण आहे इथे?

लोक स्लीपरमध्ये घुसतात, खरी तिकिटं काढलेल्यांना त्रास होतो, हेही ऐकवतात. होतो त्रास, मीही तो सोसला आहे. रात्री अडीचला पायाशी तीन अनोळखी माणसं बसलेली असली की झोप उडते. पण त्या तिघांच्या हातात तिकीट होतं. त्यांना बसायला दिलेला डबा मी नंतर चालत जाऊन पाहिला, त्याच्या संडासातही चार माणसं उभी होती. माझा राग त्या तिघांवर काढून मी काय मिळवणार होतो? पाचवा जनरल डबा असता तर माझीही झोप झाली असती.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलताना जीव घाबरा होतो. जनरलचे डबे गाडीच्या टोकांना असतात, दोन इंजिनामागे, दोन शेवटी. समोरून धडक बसली काय किंवा मागून बसली काय, पहिला घाव त्यांच्यावर. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली, २९० हून अधिक माणसं गेली, त्यांत जनरलचे प्रवासी किती होते ते सगळ्या देशाने बघितलं. आरक्षण नाही म्हणून चार्टवर नाव नाही. नाव नाही म्हणून घरच्यांनी शवागारांतून फिरून फोटोंत चेहरे शोधले. चार महिन्यांनीही २८ मृतदेहांवर कुणी दावा सांगितला नव्हता, त्यांना तसाच अग्नी द्यावा लागला. ऑनलाइन आरक्षण करणाऱ्याला थोड्या पैशांत दहा लाखांचा विमा घेता येतो. जनरलच्या तिकिटाला ती सोय नाही. ज्याच्या जिवाला धोका जास्त त्याची नोंदही नाही आणि विमाही नाही, आणि तरी ओझं तोच.

वंदे भारतबद्दल. ती चांगली गाडी आहे. पेरांबूरच्या कारखान्याने ‘ट्रेन १८’ म्हणून ती दीड वर्षात, सुमारे शंभर कोटींत उभी केली आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला ती दिल्ली–वाराणसी मार्गावर धावू लागली. आपल्या अभियंत्यांचा मला त्याबद्दल मनापासून अभिमान आहे. मुंबई–सोलापूर वंदे भारत मागून रेटणारं बँकर इंजिन न लावता भोर घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. पण हे तंत्र श्रीमंतांसाठी पहिल्यांदा आलं, असं कुणी समजू नये. मुंबईच्या लोकलने ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धाव घेतली तेव्हापासून डब्याखालची मोटार गिरणगावाला, गोदीला, कारकुनाला आणि कोळणीला वाहतेच आहे. देशातलं सर्वांत नवं तंत्र तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या पासवाल्यांच्या सेवेला लागलं. शंभर वर्षांनंतर त्याच तंत्राचं कौतुक करताना त्याचा मालक बदलला, एवढंच मला खुपतं.

आणि वेगाचं म्हणाल तर मुंबई–सोलापूर ४५५ किलोमीटरला तिला साडेसहा तास लागतात. ताशी सत्तर. गाडी १६० ला धावू शकते, रूळ, वळणं, घाट आणि पुढच्या मालगाड्या तिला धावू देत नाहीत. म्हणजे वेग वाढवायचा तर पैसा रुळांत, सिग्नलमध्ये, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेत घालायचा आहे. तो घातला की वंदे भारतबरोबर त्याच मार्गावरची सिद्धेश्वर एक्स्प्रेसही लवकर पोहोचेल आणि तिच्या जनरलमध्ये उभा असलेला माणूसही. असं असताना वंदे भारत की जनरल, असा प्रश्न मुळात कुणी आणि का लावून दिला?

मला या सगळ्या बोलण्यात मधू दंडवते आठवतात. राजापूरचे खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. त्यांच्याआधी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला लाकडी फळी असे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला होता, त्याची फळी राहिली होती. आमच्या आधीच्या पिढीने त्या फळ्यांवर अंथरूण पसरून रात्री काढल्या, सकाळी पाठीवर फळीच्या फटींचे वळ असत. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबईहून हावड्याला निघालेली, पुढे गीतांजली एक्स्प्रेस म्हणून नावारूपाला आलेली गाडी अशी गादी घेऊन निघाली, आणि तिच्यात पहिला वर्गच नव्हता. रेल्वे तेव्हा काही गब्बर नव्हती. आणीबाणीनंतरचं सरकार, पैशांची ओढाताण. तरी मंत्र्याला पहिलं काय सुचलं तर माणसाच्या पाठीखाली काहीतरी मऊ हवं. ऐंशीचं दशक सरेपर्यंत देशभरच्या दुसऱ्या वर्गात तो फोम पोहोचला. आज स्लीपरमध्ये पाठ टेकणारा प्रत्येक जण त्या दोन इंचांवर झोपतो. हा फोम कुठल्या कंपनीने, कुठल्या नफ्याच्या तक्त्यात बसवला असता?

कंपनीचंही झालंच बोलून टाकू. २०२० मध्ये सरकारने १०९ मार्गांवर १५१ गाड्या खासगी कंपन्यांना देऊ केल्या. तीस हजार कोटींची गुंतवणूक येणार होती, भाडं कंपन्यांनी ठरवायचं होतं. एक वर्षाने निविदा उघडल्या तर बारा गटांपैकी तीन गटांसाठीच बोली आलेल्या, आणि बोली लावणाऱ्या दोनांतली एक रेल्वेचीच आयआरसीटीसी. योजना गुंडाळावी लागली. ब्रिटनने हे आपल्याआधी करून बघितलं. १९९३ च्या कायद्याने त्यांनी ब्रिटिश रेल फोडली, डबे आणि इंजिनं तीन भाडेकंपन्यांना विकली. पोर्टरब्रुक नावाची कंपनी १९९६ च्या जानेवारीत ५२ कोटी ७० लाख पौंडांना गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत साडेब्याऐंशी कोटी पौंडांच्या आसपास पुन्हा विकली गेली. सात महिन्यांत त्या डब्यांना कुणी नवीन चाक बसवलं नव्हतं. पुढे रूळ सांभाळणाऱ्या रेलट्रॅकचं दिवाळं वाजलं आणि २०२५ पासून तिथल्या प्रवासी गाड्या एकेक करून सरकारकडे परत येताहेत. आपल्याकडचे लोक जिथे जायचं म्हणतात तिथून ते परत निघाले आहेत.

आपली रेल्वे काही निर्दोष नाही. यांत्रिक आणि विद्युत खात्यांची वर्षानुवर्षांची भांडणं, झोनच्या हद्दींवरून अडलेल्या गाड्या, २०२४ पर्यंत दहा रुपयांच्या पॅसेंजरला एक्स्प्रेस म्हणून तीस रुपये घेणं, ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून ती परत न देणं, यावर मी स्वतंत्रपणे लिहीन. पण यातला एकही दोष जनरलच्या प्रवाशाने केलेला नाही. आणि ठरवलं तर काय होतं तेही रेल्वेने दाखवलं आहे. एसी गाड्यांत इंजिनाकडूनच वीज घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा डिझेल जनरेटरचे दोन डबे लागायचे तिथे एकावर भागू लागलं. गाडीची लांबी न वाढवता त्या जागी प्रवासी बसवता आले. ३० डिसेंबर २०२३ ला अमृत भारत निघाली, २२ डबे, त्यात ८ जनरल आणि १२ स्लीपर, एकही एसी नाही, दोन्ही टोकांना इंजिन. पुढच्या आवृत्तीत जनरल ११ झाले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर साध्या डब्यांचं दहा हजारांचं उत्पादनही जाहीर झालं. म्हणजे कारखाने तेच, माणसं तीच, पैसाही आहे.

मग मागणी स्पष्ट करून टाकतो. लांब पल्ल्याच्या प्रत्येक मेल-एक्स्प्रेसला चार जनरल डबे, हे कमाल म्हणून नको, किमान म्हणून हवं, आणि ज्या मार्गांवर चप्पल ठेवून रांगा लागतात तिथे आठ. एकही स्लीपर डबा काढायचा तर आधी जाहीर करावं, कारण सांगावं, हरकती ऐकाव्यात. कलम ५७ चा आकडा तिकीट खिडकीच्या संगणकात घालावा आणि तो भरत आला की जादा गाडी सोडण्याची जबाबदारी एका नावानिशी अधिकाऱ्यावर टाकावी. जनरलच्या तिकिटाला विमा द्यावा. निदान दोन जनरल डबे गाडीच्या मध्यावर आणावेत, छपराखाली, पाण्याच्या नळाजवळ. आणि तिकिटावरची ती ५७ टक्क्यांची ओळ काढून टाकावी. तिथे मोकळी झालेली जागा वाया जाणार नाही. या गाडीला जनरलचे किती डबे आहेत आणि ते कुठे लागतात एवढं छापलं, तर परभणीच्या त्या बाईला झोपलेलं लेकरू कडेवर घेऊन अख्खा फलाट धावत जावं लागणार नाही.